आठ दिवसांचं पाणी भरून ठेवताना

प्रश्न : आमच्या गावात (ता. जत) आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. 200 लिटरच्या बॅरलमध्ये भरतो. नवं आलं की जुनं शिळं म्हणून ओतून देतो, तरी मुलांची पोटं बिघडतातच.

उत्तर : पाणी शिळं होत नाही. जतसारख्या दुष्काळी भागात तरी ते ओतून देऊ नका, धुण्याभांड्याला वापरा. पाणी बिघडतं ते नळापाशी आणि पेल्यापाशी.

नळ खड्ड्यात असेल, तर पाणी गेल्यावर रिकामा पाइप खड्ड्यातलं सांडपाणी आत ओढतो. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ वाढते. दाब कमी म्हणून खड्डा करावा लागतो हे मान्य; मग निदान तोटी बसवून बंद ठेवा, खड्डा कोरडा ठेवा आणि पहिल्या दोन-तीन बादल्या वापरायला काढा.

पिण्याचं पाणी वेगळं, तोटीच्या पिंपात भरा. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि ते खुंटीला टांगा. पेला बुडवला की बोटंही बुडतात, जुलाब तिथूनही येतात.

क्लोरीनसाठी 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर प्लास्टिकच्या बाटलीत 1 लिटर पाण्यात कालवा, अर्धा तास निवळू द्या. वरचं निवळ 200 मिली 200 लिटरच्या बॅरलला पुरतं. तळाचा साका टाकू नका. अर्ध्या तासाने प्या. पाण्याला हलका वास आलाच पाहिजे. येत नसेल तर पावडर बहुधा जुनी आहे. उघडी राहिली, दमट होऊन गोळे झाले की तिची ताकद जाते. खात्री हवी असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) करून घ्या, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे.

आता बॅरल. डेंग्यूचा डास पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून काही होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणजे तुमच्या पाण्याच्या पाळीएवढेच! दर खेपेला भरण्याआधी आतून काथ्याने, विशेषतः काठाखाली, खसखसून घासा. घट्ट झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड ताणून बांधा. सैल कापड पाण्यात लोंबतं आणि डासाला वाट मिळते.

प्रश्न : पावसाळ्यात सांगलीत पाणी गढूळ येतं. तुरटी फिरवली की पुरे ना?

उत्तर : नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पण तुरटी आधीच हवी, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. गाळ बसला की वरचं पाणी चौपदरी सुती कापडातून गाळा, मग क्लोरीन टाका किंवा उकळा. खदखदून उकळी फुटल्यावर 1 मिनिट पुरे. त्याच भांड्यात झाकून निववा. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, हात लागला की ते पुन्हा बिघडतं. म्हणून रोजचं रोज उकळा.

घरात कुणाला जुलाब सुरू झालेच, तर ओआरएसचं 1 लिटरचं अख्खं पाकीट 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घाला. थोडी थोडी पावडर पेल्यात टाकली तर मिठाचं प्रमाण चुकतं. 24 तासांनी उरलेलं टाकून द्या. मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.