काचा फुटल्याशिवाय सरकार ऐकतच नाही, मग लोकशाहीत थोडी हिंसा चालते का?

तुमचं म्हणणं असं की, शांततेत दिलेल्या निवेदनाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, पण चार काचा फुटल्या की लगेच चर्चेचं बोलावणं येतं. मग थोडीफार हिंसा चालवून घ्यायला काय हरकत आहे?

बोलावणं येतं, हे खरंच. पण पुढे काय होतं ते मी पाहिलंय. कॉलेजात असताना एका मोर्चात मी स्वयंसेवक होतो, दंडाला फीत बांधून कडेकडेने चालणाऱ्यांपैकी. मागणी एकच होती, फीवाढ रद्द करा. मागच्या रांगांतून एक दगड आला, मग बरेच आले. पहिला कुणी मारला, आपल्यातला होता की घुसलेला, यावर आमची नंतर वर्षभर भांडणं झाली. पण दुसऱ्याच दिवशी मागण्यांच्या कागदावर पहिल्या क्रमांकावर आलं, ‘विद्यार्थ्यांवरचे गुन्हे मागे घ्या.’ फीवाढ खाली सरकली. बैठक झाली, गुन्ह्यांबाबत आश्वासन मिळालं, आम्ही गुलाल उधळला. फी वाढली ती वाढलीच.

आता दुसरी बाजू. निवेदन देऊन फोटो काढला म्हणजे अहिंसक आंदोलन झालं, असा आपला एक गोड गैरसमज आहे. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये 1960 साली कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले. त्याआधी कित्येक आठवडे जेम्स लॉसन त्यांची शिबिरं घेत होते. (हे लॉसन त्याआधी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात राहून गेलेले, गांधींचा अभ्यास करून.) शिबिरात निम्मी मुलं गोऱ्या गुंडांची भूमिका करायची: शिव्या द्यायच्या, ढकलायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. उरलेल्यांनी हात न उचलता बसून राहायचं. ज्याला ते जमणार नाही त्याने दुसरं काम घ्यायचं. प्रत्यक्षात मार पडला तेव्हा अटक झाली ती मारणाऱ्यांना नव्हे, बसलेल्यांना. सोबत गावातल्या दुकानांवर बहिष्कारही होता, तोही ईस्टरच्या खरेदीच्या हंगामात. दुकानदारांना झळ बसली ती तिथे. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा हजारो लोक जवळजवळ निःशब्द चालत महापौरांकडे गेले. डायान नॅश या विद्यार्थिनीने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, हा भेदभाव चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? त्यांना हो म्हणावं लागलं. 10 मे रोजी पहिल्यांदा काही उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना वाढलं गेलं.

त्या मोर्चातून एक दगड गेला असता, तर महापौरांना त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची गरजच उरली नसती.

आकडे हवे असतील तर एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी 1900 ते 2006 मधल्या 323 चळवळी तपासल्या. अहिंसक चळवळींपैकी 53 टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्र चळवळींपैकी 26 टक्के. मात्र त्या राजवट उलथवण्याच्या किंवा परकी सत्ता हटवण्याच्या चळवळी होत्या, फीवाढीच्या नव्हेत. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या मोर्च्यांना लावू नयेत.

आणि हो, ब्रिटनमध्ये मताधिकारासाठी बायकांनी खरोखरच काचा फोडल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत 1960 साली शार्पव्हिलला पोलिसांनी 69 जणांना गोळ्या घालून मारलं, त्यानंतर मंडेलांनी सशस्त्र मार्ग धरला. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण या दोघांकडेही मत नव्हतं. तुमच्याकडे आहे.

बाबासाहेब तर याच्याही पुढे गेले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत ते म्हणाले की, घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह आणि असहकारसुद्धा सोडून द्यायला हवेत. त्याला त्यांनी अराजकाचं व्याकरण म्हटलं. इथे मी थोडा अडखळतो. शिक्षा भोगायची तयारी ठेवून उघडपणे मोडलेला कायदा मला अजूनही लोकशाहीत बसतो असं वाटतं. चेहरा झाकून मारलेला दगड बसत नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही. निवेदनाला उत्तर आलं नाही, तर पुढची पायरी कोणती, हे तुम्ही आधी ठरवलं होतं का?