पुलीच्या जटा विंचरायच्या नसतात, हाताने फोडायच्या आणि पूर्ण वाळवायच्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. भुसावळला दहा महिन्यांचा पुली, म्हणजे हंगेरीचा जटांचा कुत्रा, मानेमागे आणि मांड्यांवर केसांच्या गाठी व्हायला लागल्यात, पार्लरवाला म्हणतो सगळं विंचरून मोकळं करू, सासूबाई म्हणतात उन्हाळ्याआधी गोटा करून टाका, आणि तुम्हाला मात्र त्या लांब जटा ठेवायच्यात. माझ्याकडे धुळ्याला काळी पुली आहे, पूर्ण जटांची, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी पार्लरवाल्याला थांबवा. तुमच्या पिल्लाला काही झालेलं नाहीये, हेच ते वय. पुलीच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात, आतला मऊ लोकरीसारखा थर आणि बाहेरचा जाड कुरळा केस. पिल्लाचा मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचा यायला लागला की गळलेला आतला केस खाली पडत नाही, बाहेरच्या केसातच अडकतो आणि गुंता सुरू होतो, साधारण नवव्या-दहाव्या महिन्यापासून पुढे. हंगेरीतलाच मोठा पांढरा कोमोंडोर, त्याचं पण तसंच. इटलीच्या बर्गमास्कोचं थोडं वेगळं, त्याला तीन प्रकारचे केस आणि जटा चपट्या पानासारख्या. आता हा गुंता जसाच्या तसा सोडला तर एक अख्खं चामड्यासारखं पटल तयार होतं, खाली कातडीला हवा नाही, ओल-मळ आत, खाज, जखमा. आणि विंचरला तर जटा कधी होतच नाहीत. मधला रस्ता एकच, हाताने फोडायचं.

फोडायचं म्हणजे काय ते सांगतो. संध्याकाळी कुत्रं दमलेलं असताना मांडीवर किंवा शेजारी झोपवा. कानामागची जागा घ्या, तिथेच सगळ्यात आधी पोळीएवढी चपटी गाठ होते. दोन्ही हातांच्या चिमटीत तिची दोन टोकं धरा आणि हळूहळू ओढत कातडीपर्यंत फाडत न्या, चर्र असा बारीक आवाज येतो, धूळ आणि कोंडा उडतो, घाबरू नका. कातडीजवळ आलात की एक हात मुळाशी दाबून धरा म्हणजे ताण कातडीवर येत नाही, कुत्रं ओरडलं तर समजायचं की हा हात नीट धरलेला नाही. मुळाशी साधारण रुपयाच्या नाण्याएवढी जागा एका जटेला द्या. फार बारीक केल्या तर पुढे वजनाने मुळातून तुटतात. वर्ष-दीड वर्ष हे काम दर आठवड्याला आहे, मग जटा आपली वाट धरतात आणि नुसतं बोटं फिरवून मुळं वेगळी ठेवली तरी भागतं. जमिनीला टेकणाऱ्या जटा हव्या असतील तर चार-पाच वर्षं धीर धरा.

आता अंघोळ, आणि माझं स्पष्ट मत आहे की जटांच्या कुत्र्याचं नव्वद टक्के भलंबुरं इथेच ठरतं. शाम्पू कुठला यावर लोक रोज वाद घालतात, खरा प्रश्न वाळवण्याचा आहे. जटा पाणी पितात, अगदी भिजलेल्या घोंगडीसारख्या, वरून हाताला कोरड्या लागतात आणि आत मुळाशी ओल तशीच. ती ओल राहिली की दोन दिवसांत कुबट वास, मग बुरशी, मग चट्टे, आणि एकदा जटेच्या पोटात बुरशी गेली की धुऊन निघत नाही, कापावीच लागते.

तर असं करा. अंघोळ सकाळी लवकर सुरू करा. आधी नुसत्या पाण्याने निवांत भिजवा, पाणी कातडीपर्यंत जायलाच वेळ लागतो. शाम्पू बादलीत पातळ करून ओता, चोळायचं अजिबात नाही, स्पंज पिळतो तसं दाबत जायचं. कंडिशनर नको, त्याने जटा सैल पडतात आणि आत चिकटपणा राहतो. मग खळखळून धुवा, पिळलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, क्षार बसतात, त्यामुळे नळाचं पाणी आलं त्या दिवशीच अंघोळ ठेवा. नंतर एकेक जट मुठीत धरून वरून खाली पिळा, मग जुने टॉवेल, भरपूर. मग ब्लोअर कोमट किंवा गार हवेवर, गरम नाही, आणि सोबत मोठा उभा पंखा.

आणि कूलरसमोर वाळवायला बसवू नका! उन्हाळ्यात आपल्याकडे सगळ्यांची ही सवय, पण कूलरची हवाच ओली, त्यापुढे जटा दिवसभरात वाळणार नाहीत. भर उन्हातही नको, गच्चीवर सावलीत चालेल. लाईट कधी जाते ते बघून दिवस निवडा, एवढं सांगतो. वाळलं की नाही हे नाकाने तपासा, काखेतली आणि शेपटीखालची जट फाकवून वास घ्या.

म्हणूनच मी म्हणतो की खान्देशात जटांचा खरा शत्रू उन्हाळा नाही, पावसाळा आहे. मार्च ते मे हवा इतकी कोरडी की जटा झपाट्याने वाळतात. आषाढ-श्रावणात मी पूर्ण अंघोळ घालतच नाही, पाय, पोट आणि मागचा भाग तेवढा धुतो आणि लगेच वाळवतो. पावसात फिरायला नेताना पोटापर्यंतचा रेनकोट घाला.

उन्हाळ्याचं सासूबाई म्हणतात ते मात्र चुकीचं नाही. हंगेरीत पण ऊन असतं पण भुसावळचं 45 डिग्री तिथे नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं. त्यामुळे सकाळी सहाच्या आत आणि रात्री जमीन निवल्यावरच फिरवणं, दुपारी थंड फरशीची खोली. कूलर त्यासाठी जरूर लावा, फक्त कुत्रं कोरडं असू द्या आणि खिडकी उघडी ठेवा. एवढं घरात जमणार नसेल, कुत्रं दिवसभर अंगणातच राहणार असेल, तर जटा ठेवू नका, स्पष्टच सांगतो.

गोचीड हा दुसरा मोठा विषय. जटांत गोचीड डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच शोधायची, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली. पावडर वापरू नका, ती जटेत बसून राहते. चघळायची गोळी बरी पडते, डोस वजनावर असतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच, आणि आधी कधी फिट आली असेल तर ते आवर्जून सांगा. कुत्रं सुस्त, हिरड्या पांढरट, लघवी गडद दिसली की त्याच दिवशी दवाखाना, गोचिडतापाला वाट बघत बसायचं नाही.

बाकी बारीकसारीक. पंजाखालचे आणि शेपटीखालचे केस कात्रीने कमी ठेवा. जेवताना तोंडाजवळच्या जटा सैल रबराने मागे बांधा आणि नंतर पुसा, वासाची सुरुवात दाढीतूनच होते. अंगठ्याचं नख जटांत लपतं आणि वळून मांसात शिरतं, ते बघत जा. गोखरू आणि कुसळं फिरून आल्या आल्या काढा. घरात कापूस भरून ठेवला असेल तर त्या खोलीत कुत्र्याला जाऊ देऊ नका, जटेत गेलेला कापूस आतच वळला जातो, परत निघत नाही. केळीच्या बागेत कापणी चालू असताना पण नको, चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत तर केसावरून कसे जातील.

लोक बोलणारच. आमच्या आत्याने पहिल्यांदा बघून विचारलं, हाऊ कुत्रा शे का मेंढरू? आता तीच येऊन जटा फोडत बसते.

आणि शेवटी तुम्हाला हे जमलंच नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, पुली विंचरलेल्या केसांत पण ठेवतात, अमेरिकेत शोमध्ये पण ते चालतं, आणि बारीक कट मारला तरी कुत्र्याचं काही अडत नाही. फक्त वस्तऱ्याने गोटा नको, उन्हाने कातडी भाजते, बोटाच्या पेराएवढा केस ठेवायला सांगा. एवढं लक्षात घ्या की एकदा कापलं की जटा परत पहिल्यापासून, म्हणून या महिन्यात आधी मानेमागची ती गाठ फोडून बघा, पिल्लू किती शांत बसतं त्यावर बाकीचं ठरवा.