नाकावरच्या कॅन्सरला ऑपरेशनआधी सोनोग्राफी कशाला?

वडिलांच्या नाकपुडीवर बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) निघालाय, बायोप्सीही झाली, तरी सर्जन सोनोग्राफी करून या म्हणतात. हा उगाच वाढीव खर्च तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिओलॉजिस्ट आहे, या तपासण्या करतो. माझं मत: जरूर करा, फक्त मशीन योग्य आहे का ते आधी विचारा.

आजार कोणता ते बायोप्सीने कळलं. पण तो किती खोल गेलाय, हे त्या एवढ्याशा तुकड्यावरून नीट सांगता येत नाही. नाकावर सगळं त्यावरच अडतं, कारण तिथे कातडीखाली लगेच कूर्चा (नाकाला आकार देणारं मऊ, लवचीक हाड) लागते. स्क्रीनवर गाठ काळसर दिसते, आत बारीक पांढरे ठिपके असतात. तिच्याखाली कूर्चेची काळी पट्टी असते. दोन्हींच्या मधली उजळ रेघ अखंड असेल तर कूर्चा बहुधा वाचलेली असते. रेघ तुटलेली दिसली, तर कूर्चेचा भागही काढावा लागेल आणि कदाचित कानाची कूर्चा किंवा कपाळाची कातडी लावून नाक पुन्हा घडवावं लागेल. हे ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा वडिलांना आणि तुम्हाला आधी कळलेलं केव्हाही चांगलं.

पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर टेकवायचं यंत्र) इथे चालत नाही. किमान १५ मेगाहर्ट्झचा हवा, १८ ते २२ चा असेल तर उत्तम. फ्रिक्वेन्सी वाढली की बारकावे दिसतात, खोली कमी होते. नाकाला खोली लागतेच कुठे? जेलचा जाड थर देऊन प्रोब नुसता टेकवायचा. दाबला तर बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि गाठही चपटी दिसते.

मर्यादाही सांगतो. गाठीचे कडेने पसरलेले अगदी बारीक धागे सोनोग्राफीत दिसत नाहीत, त्यामुळे काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ आहेत का हे शेवटी पॅथॉलॉजिस्टच मायक्रोस्कोपखाली ठरवणार. बायोप्सीनंतरची सूजही काळीच दिसते आणि गाठ आहे त्यापेक्षा मोठी वाटू शकते. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट सोबत न्या आणि ती कधी झाली ते न विसरता सांगा.

रिपोर्ट हातात आल्यावर गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये दिलीय का आणि कूर्चेबद्दल स्पष्ट लिहिलंय का ते तिथेच वाचून बघा. नुसतं 'त्वचेत गाठ आहे' एवढंच असेल, तर तिथेच थांबून पूर्ण लिहून मागा.