बॉस बदलले, तारीख तीच

प्रश्न: ताई, मी कोपरखैरण्याला राहते, वय 36, अकाउंट्सचं काम करते. दहा वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या आणि तिन्ही भांडून. सुरुवातीला सगळं छान असतं, सगळे म्हणतात मॅडमला द्या, मॅडम करतात. मग वर्ष-दीड वर्षाने एक दिवस असा येतो की माझा तोल जातो आणि मी राजीनामा टाकून मोकळी होते. योगायोग बघा, तिन्ही वेळा 18-19 तारखेलाच. आता ऐरोलीत नवीन ऑफिस जॉइन करतेय. माझ्याच वाट्याला असले बॉस का येतात?

उत्तर: तारीख तुम्ही योगायोग म्हणून लिहिलीत, मला तर तीच सगळ्यात कामाची वाटली. 20 तारखेला 3बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, भरायचा असतो, त्याच्या आदल्या दोन दिवसांत अकाउंट्सवाल्यांची काय दशा असते ते मी तुम्हाला काय सांगणार! बॉस तीन वेगळे होते, ऑफिसं वेगळी होती, पण भांडण त्याच दोन दिवसांत झालं. म्हणून मला बॉसच्या आधी दुसऱ्या गोष्टीकडे बघावंसं वाटतं, ती म्हणजे पहिले तीन महिने. "मॅडमला द्या" हे कोण पहिल्यांदा म्हणालं, काम कोणाचं होतं, आणि तुम्ही लगेच हो म्हणालात का?

माझंच सांगते. मोठ्या भावाशी माझं फोनवर सारखं वाजायचं आणि मी धरूनच चालले होते की आईच्या औषधांच्या खर्चाचा विषय निघाला की हा चिडतो. मग दोन महिने एका वहीत लिहिलं, फोन कधी केला, कुठून केला, जेवले होते का, शेवट कसा झाला. सात वेळा वाजलं, त्यातले सहा फोन ठाणे स्टेशनला दहा नंबरवर वाशी गाडीची वाट बघत केलेले, रात्री आठ-सव्वाआठला, पोटात दुपारच्या डब्यानंतर काही नाही, मागे अनाउन्समेंट, त्यामुळे मी आधीच ओरडून बोलत होते. आणि खर्चाचाच विषय शनिवारी सकाळी तलावपाळीला बाकावर बसून काढला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, अर्धे मी देतो. हे भांडण न झालेले फोन मी लिहिले नसते तर आजही दोष भावालाच दिला असता, म्हणून जेव्हा बिनसलं नाही ते दिवसही लिहायचे, ते फार महत्त्वाचं आहे.

आठवणीवर मात्र विसंबू नका. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाणार होते, तेव्हा बारुख फिशहॉफ आणि रुथ बेथ या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना आधी विचारून ठेवलं की कायकाय घडेल असं वाटतं, आणि दौरा झाल्यावर परत विचारलं की तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात. जे खरंच घडलं त्याबद्दल, आपण आधीपासून जास्त खात्रीने सांगत होतो, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होतं. आपलंही तसंच होतं, भांडण झाल्यावर "हा पहिल्या दिवसापासूनच असा होता" हे आपण मागाहून रंगवतो. म्हणून जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, मेल काढून बघा, त्यावर तारखा असतात.

आणि हो, सगळं स्वतःवरही ओढून घेऊ नका. तीनपैकी एखादा बॉस खरंच वाईट असेल, चौघांचं काम एकीवर टाकणं ही त्याची चूकच आहे.

ऐरोलीला एक छोटी वही पर्समध्ये ठेवा. दुसऱ्या कोणाचं काम घेतलंत की त्या दिवशी तारीख, काम आणि तुम्ही काय उत्तर दिलंत एवढंच लिहा, आणि नाही म्हणालात तर पुढे काय झालं तेही. तिसऱ्या महिन्याच्या 10 तारखेला, म्हणजे 3बीची गडबड सुरू व्हायच्या आत, ती वही घेऊन बॉससमोर बसा. काय झालं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.