काळं रान, पांढरी भिंत

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो मिळाले. दिवे घाटाच्या पायथ्याचं, मस्तानी तलावाकडचं चित्र रेषेत छान उतरलंय. पण सगळं एकाच राखाडीत बुडालंय, रंगीत चित्राची झेरॉक्स काढावी तसं.

तू शाई घेऊन बसतेस आणि बघतेस मात्र रंगच. लाल गुलमोहर आणि त्याची हिरवी पानं तुला वेगळी दिसतात, म्हणून कागदावरही वेगळी करायला धडपडतेस. गडदपणाने ती दोन्ही बऱ्याचदा इतकी जवळ असतात की शाईत एकच ठिपका होतो. होऊ दे. डोळे बारीक करून बघ, जे एकात एक मिसळतं ते चित्रातही मिसळू दे.

पुस्तकी नियम तुला ठाऊक असेल: आकाश सर्वांत उजळ, मग सपाट जमीन, मग उतार, आणि उभी झाडं सर्वांत गडद. वरचा उजेड आडव्या जमिनीवर जास्त पडतो, उभ्यावर कमी, म्हणून. नियम खोटा नाही. पण सासवडच्या बाजूला जा आणि तो कुठे मोडतो ते बघ. नुकतं नांगरलेलं काळं रान बांधावरच्या बाभळीपेक्षा गडद असतं. चुना दिलेली भिंत उभी असूनही उन्हात आकाशाहून उजळ दिसते. वैशाखात मुळशी-वेल्ह्याकडे राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेला जमिनीचा तुकडा) भाजलेला असतो, तेव्हा फिकट पिवळ्या गवतात मधेच एक काळाभोर चौकोन दिसतो. तू परदेशी व्हिडिओ बघून शेत फिकं आणि झाड काळं करून मोकळी होतेस. मग ते गाव पुरंदरचं राहत नाही, कुठलंही होतं.

दूरच्या डोंगराचंही तेच. हिवाळ्यात सकाळी पुरंदर किल्ला जवळजवळ आकाशात विरतो. पावसाने उघडीप दिली की तोच डोंगर गडद होऊन अंगावर येतो. दर वेळी फिका करायची सवय सोड.

मोठा कागद घेण्याआधी पत्त्याएवढ्या चौकोनात फक्त तीन छटांत चित्र बसव: कोरा कागद, एक मधली राखाडी, एक काळी. तिथे बसलं नाही तर मोठ्या कागदावरही बसणार नाही.

बाकी साहित्याचं थोडक्यात. शाईच्या तीन वाट्या आधीच कालवून ठेव. वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या शाईचा पातळ थर, वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा जास्तच गडद वाटू दे. वॉटरप्रूफ शाई एकदा वाळली की उचलता येत नाही, म्हणून भिंतीचा पांढरा आधीपासून राखायचा. वरून पांढरा पोस्टर कलर थापायचा नाही, तो लगेच ओळखू येतो (आणि मला आवडत नाही, हेही खरं). पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हातकागद होतो, तोही वापरून बघ. मात्र कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकून बघ. थेंब फुटून पसरला तर तो कागद वॉशला नको, कोळशाच्या कामाला ठेव.

रविवारी ये. मूळ चित्रं घेऊन ये. मोबाईल आपल्या मनाने उजेड वाढवतो, फोटोवरून छटांचं काही नीट बोलता येत नाही.