बजेट नसताना इलेक्ट्रॉनिक्ससाठी इंटरॲक्टिव्ह साहित्य कसं बनवावं?

ॲनिमेशन येत नाही, पैसे नाहीत, तरी डिप्लोमाच्या मुलांसाठी असं साहित्य बनवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल की. मी लातूरकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. ॲनिमेशनच्या नादी लागूच नका. तारेतून पळणारे पिवळे ठिपके पोरांना आवडतात, पण मल्टिमीटर कुठं लावायचा म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

एकच सर्किट घ्या. समजा, हाफ वेव्ह रेक्टिफायर (डायोड लावून एसीची फक्त अर्धी लाट पुढं सोडणारं सर्किट) आणि ती लाट सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर. फॅलस्टॅडचा सर्किट सिम्युलेटर फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो आणि त्यात कपॅसिटरला स्लायडर जोडता येतो. पण स्लायडर हलवण्याआधी पोरांकडून आकडा वदवून घ्या: ५० हर्ट्झ, लोड १०० मिलिअँपिअर, कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड, तर रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, किती? करंट भागिले (फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स), म्हणजे साधारण २ व्होल्ट. चार डायोडचा ब्रिज रेक्टिफायर लावला की रिपलची फ्रिक्वेन्सी १०० होते, रिपल निम्मा. मग कुणीतरी म्हणतंच, "सर, कपॅसिटर अजून मोठा टाकू!" तेव्हा डायोडच्या करंटचा ग्राफ उघडायचा. कपॅसिटर मोठा केला की चार्जिंगचा वेळ आखडतो आणि करंटचे सुळके उंच होतात. हे फळ्यावर कितीही काढलं तरी पटत नाही, इथं स्वतःच्या बोटानं घडतं. अंदाज न लिहिता नुसता स्लायडर फिरवला तर तो खेळच राहतो.

आवाज मराठीत द्या, पण 'रिपल', 'बायस' तसेच ठेवा, परीक्षेत तेच येतात. आकृतीवर बोलताना तेच वाक्य खाली लिहून दाखवू नका, डोळे अक्षरांवर जातात आणि वेव्हफॉर्म निसटतो. क्लिप दोन-तीन मिनिटांची, व्हॉट्सॲपवर जाईल एवढी. गावाकडं लाईट आणि रेंज या दोन्हींचा भरवसा नाही, म्हणून डाउनलोड करून ठेवता येणं महत्त्वाचं.

तयार प्रयोग हवे असतील तर केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' बघा. पुढच्या वर्गांना आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं 'ईसिम' हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर द्या, तेही मोफत आहे, मात्र त्याला कॉम्प्युटर लागतो.

आणि त्याच आठवड्यात तेच सर्किट ब्रेडबोर्डवर लावून घ्या. सिम्युलेटरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा जोडला तर फार तर सिम्युलेशन थांबतं, टेबलावर तो फुटू शकतो.