ऑक्टोबरात उतरू नकोस

तुझा बेत मला समजला तो असा. दोघांचं कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, झालंय, ऑक्टोबरात उतरताय. शहरात भाडं भरत बसण्यापेक्षा उत्तर ओंटारिओत जंगलात एखादी स्वस्त केबिन घ्यायची आणि विजेच्या तारेशिवाय, लाकडावर नि सोलरवर पहिला हिवाळा काढायचा. वर लिहिलंस, "आम्ही जांबोटीकडची माणसं अक्का, चार महिने पाऊस आणि आठ-आठ दिवस लाइट नाही. आम्हाला बर्फाचं काय सांगतेस?"

सांगते. माझं माहेर बेळगावजवळच्या त्याच पावसाळी भागातलं, जांबोटीपुढे कणकुंबीच्या रस्त्यावरचं, त्यामुळे हा माज मलाही होता. टोरांटोच्या उत्तरेला जवळपास पाचशे किलोमीटरवर आम्ही राहतो, आणि तारेशिवाय आठ हिवाळे झाले. ये, जरूर ये. पण ऑक्टोबरात उतरून थेट जंगलात जाऊ नकोस. पहिला हिवाळा गावात, भाड्याच्या, वीज-पाणी असलेल्या घरात काढ.

सगळ्यात मोठं कारण लाकूड. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी मे महिन्यात होते. जळण फोडून पडवीत रचलेलं, गोवऱ्या माळ्यावर, सांडगे-पापड डब्यात, घर शाकारून झालेलं. एखाद्याचं राहिलंच तर शेजारच्या घरातून दोन भारे मिळतात आणि मिरगाचा पाऊस कसाबसा निभतो. इथल्या जानेवारीत जाळायचं लाकूड आदल्या वसंतात तोडून, फोडून, वर झाकून आणि बाजूंनी वारं लागेल असं रचलेलं लागतं. काही जातींना दोन उन्हाळे लागतात. ऑक्टोबरात आलेल्या माणसाकडे ते असणार कुठून? मग तो विकत घेतो, आणि विकणारा त्याचा चेहरा बघतो.

आमचंही तेच झालं. फोनवर ठरवून तीन कॉर्ड मागवली, "वाळलेलं आहे" असं तो माणूस तीनदा म्हणाला. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब रास, १२८ घनफूट. त्याने आणून टाकली ती फेस कॉर्ड, म्हणजे उंची-लांबी तेवढीच पण खोली एका ओंडक्याची, खऱ्या कॉर्डचा जेमतेम तिसरा हिस्सा. आमच्या लहानशा घराला मोसमात सहा-सात कॉर्ड लागतात, त्यावरून हिशेब कर. आणि वाळलेलं म्हणावं तर शेगडीत, म्हणजे घर तापवणाऱ्या काचेच्या दाराच्या बंद चुलीत, घातल्यावर ओंडक्याच्या टोकातून पाणी फसफसायचं. दुसऱ्या संध्याकाळी शेगडीची काच तव्यासारखी काळी झाली होती.

त्यात आम्ही आणखी एक शहाणपणा केला. रात्रभर पुरावं म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करून लाकूड धुमसत ठेवायचो. ओल्या लाकडाचा गार धूर धुराड्यात चढताना आतून डांबरासारखा थर बसवत जातो, त्याला इथे क्रिओसोट म्हणतात. फेब्रुवारीत तो थर पेटला. लोंढ्याला रात्री मालगाडी जाताना खिडक्या थरथरतात ना, तसा आवाज थेट घराच्या छातीतून. झडपा बंद केल्या, पोराला गोधडीत गुंडाळून गाडीत बसवलं आणि गावातल्या स्वयंसेवक अग्निशमनवाल्यांना फोन केला. ते येईपर्यंत पाऊण तास बर्फात उभी राहिले, ते पाय अजून आठवतात. घर वाचलं. पण धुराडं तपासून घेईपर्यंत शेगडी बंद, म्हणजे आम्ही मोटेलात, म्हणजे वाचवलेले सगळे पैसे तिथे.

म्हणून लाकूड ओळखायला शीक. दोन फाका एकमेकांवर आपट. वाळकं टणकन वाजतं, ओलं धप् म्हणतं. टोकाला चिरा हव्यात, साल सुटलेली हवी. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण ते बाहेरच्या अंगाला टोचू नकोस. फाक नव्याने फोड आणि आतल्या ताज्या भागावर टोच, आकडा २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. बर्च नावाच्या झाडाचं लाकूड फोडल्याशिवाय कधी साठवू नकोस. त्याची साल मेणकापडासारखी असते, आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, लाकूड रचल्या जागी कुजतं. आणि आग धुमसवायची नाही. लहान पण सणसणीत पेटवायची.

आपल्या आज्जीची चूल धूर ओकायची तरी चाललं, कारण धूर कौलांतून निघून जायचा. इथलं घर डबा असतं, फट म्हणून नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. त्याची सूचना देणारी यंत्रं दोन लाव, एक झोपायच्या खोलीशी. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच आणि ती बादली घराबाहेर, लाकडी पायरीवर नाही. तिच्यातला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. थंड झालेली राख मात्र टाकू नकोस, अंगणातल्या निसरड्या बर्फावर तिच्यासारखी पकड दुसरी नाही.

पाण्याचं तर सगळं उलटं. आपल्याला पाणी फार झाल्याचा त्रास, इथे ते दगड होतं. जमीन कित्येक फूट खोलवर गोठते, नळ त्याच्या खालून न्यावे लागतात. आम्ही बोअरवर हातपंप बसवला. त्याच्या पाइपाला गोठणरेषेच्या खाली एक बारीक भोक असतं, हापसणं थांबलं की वरचं पाणी त्यातून परत खाली उतरतं. ते भोक बुजलं की पंप एका रात्रीत फुटला समज. बर्फ वितळवून पाणी करू असं तुझ्या मनात असेलच. घमेलंभर ताजा भुसभुशीत बर्फ घे, दहा भागांतून एक भाग पाणी निघेल. पातेल्यात आधी वाटीभर पाणी घालून मग बर्फ घाल. नुसता घातलास तर तळ तापून पाण्याला करपलेला वास येतो आणि चहा प्यायला नको वाटतो. हे अडचणीचं पाणी, रोजचं नव्हे. ते वितळवायला किती लाकूड जातं ते एकदा मोजलंस की परत नाव काढणार नाहीस.

परसाकडचं विचारायला तू लाजलास, पण विचारायला हवं होतंस. आमचा संडास बाहेर आहे, खड्ड्यावरचा. उणे ३० ला लाकडी फळीवर बसवत नाही. इमारतीच्या भिंतीत घालतात त्या फोमच्या जाड पत्र्याची बैठक कापून ठेव. तो अंगातली ऊब ओढून घेत नाही, बसल्याक्षणी कोमट लागतो. आठ वर्षांत एवढ्या कमी पैशात एवढं मोठं सुख मी दुसरं पाहिलेलं नाही.

सोलरवर मात्र तुझा भरवसा बेळगावच्या उन्हाचा आहे. आपल्याकडे डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा. इथे तो साडेआठ तासांचा आणि सूर्य झाडांच्या शेंड्यांवरून सरपटत जातो. आमची दोन किलोवॅटची पॅनलं ढगाळ दिवसात एक युनिटसुद्धा देत नाहीत. कडक थंडीचा निरभ्र दिवस उलट चांगला, गारव्यात पॅनल जास्त जोमाने चालतं. ती जवळजवळ उभीच लाव, म्हणजे बर्फ घसरून पडतो. बॅटऱ्या घराच्या उबेत ठेव. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली की कायमची बिघडते, आणि शिसं-आम्लाची पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासही गोठून फुटू शकते. जनरेटर लागेलच, तो घरात किंवा पडवीत कधीही लावायचा नाही. गाडीचंही लक्षात घे. इथे थंडीत रात्री गाडीच्या इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवतात. तुझ्याकडे वीज नसेल तर उणे ३० च्या सकाळी पहिलं काम जनरेटर सुरू करणं, दुसरं काम दोन तास थांबणं. पोराची शाळा त्या दिवशी बुडाली म्हणून समज.

स्वयंपाकाचा गॅस इथे प्रोपेन असतो आणि टाकी बाहेर ठेवतात. आपल्याकडच्या सिलिंडरात ब्युटेनही असतं, ते शून्याच्या खाली वायू व्हायलाच तयार होत नाही. म्हणून ब्युटेनच्या डब्यावर चालणारी छोटी शेगडी स्वस्त दिसली तरी घेऊ नकोस. हिवाळाभर आम्ही गॅस फार लावतच नाही. लाकडाची शेगडी दिवसभर पेटलेलीच असते, तिच्यावर भात, आमटी, आंघोळीचा हंडा. मटकीला मोड आणायला शेगडीमागचा कोपरा बेळगावच्या मे महिन्याइतका गरम. फ्रिज डिसेंबर ते मार्च बंद, दाराबाहेरची कुलपाची पेटी हाच फ्रीझर. बटाटे, गाजर, कोबी तळघरात, गाजरं वाळूत पुरून. रताळी मात्र तिथे ठेवू नकोस. आपल्या शिवारातलं रताळं, त्याला १२ अंशांच्या खालचा गारठा सोसत नाही, आतून कडक होतं आणि मग कितीही उकडलंस तरी शिजत नाही. मी पहिल्या वर्षी अख्खं पोतं घालवलं, उपासाच्या दिवशी कळलं. आता ती कपाटावर, छताच्या उबेला.

येताना एक घोंगडं आण, धनगरांकडचं, खरबरीत, जड. अंगावर घ्यायला नाही, त्याला इथे चांगले कोट मिळतात. आमचं घोंगडं दाराच्या उंबऱ्याशी गुंडाळून पडलेलं असतं. पहाटे त्याच्या बाहेरच्या कडेला पांढरं दहिवर धरलेलं दिसतं आणि आतली कड कोरडी. नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला की तो घराच्या पायाभोवती फावड्याने लोटून बांध घाल. बर्फ हेच फुकटचं पांघरूण, फरशी गार पडत नाही. सुती बनियन मात्र घरी ठेव, घाम धरून ते अंगावरच गार होतं.

आता पैशाचं, कारण खरा प्रश्न तोच होता. तारेशिवाय राहणं स्वस्त आहे हा गैरसमज. बोअर, सांडपाण्याची टाकी, बॅटऱ्या, चांगली शेगडी नि धुराडं यांचा खर्च आधी होतो. बचत झालीच तर चौथ्या-पाचव्या वर्षी दिसायला लागते. अशा घरावर बँका कर्ज द्यायला कां-कूं करतात, आणि विमेवाले लाकडाच्या शेगडीची प्रमाणित तपासणी मागतात. आम्हाला परवडलं ते नवऱ्याला सुतारकाम येतं म्हणून, आणि जमीन घेण्याआधी दोन वर्षं गावात राहून कोण खरं बोलतं ते कळलं म्हणून.

तू पाठवलेले फोटो पाहिले. जागा सुंदर आहे, पण ते जुलैतले आहेत, मागे फुलं दिसतात. त्या रस्त्यावर हिवाळ्यात बर्फ काढणारं यंत्र जातं का? इथे काही रस्ते फक्त मोसमी असतात, नोव्हेंबरनंतर ते कुणी साफ करत नाही. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांचं पावसाळ्यात काय होतं ते तुला सांगायला नको. पेशंट खाटेवर घालून न्यायला निदान गावातली चार माणसं तरी असतात. इथे तुझा शेजारी तीन किलोमीटरवर.

पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या घरात राहून एक काम कर. आमच्याकडे फेब्रुवारीत पंधरा दिवस या, दोघंही. बायकोला नक्की आण, बेत तुझा दिसतोय आणि हापसायला ती जाणार. तेव्हा पुढच्या वर्षीची लाकडं तोडायची असतात. गोठलेला बर्च एका घावात फाकतो, मजा येते.

तोवर इसार देऊ नकोस. त्या जागेचा लॉट नंबर, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक, आणि रस्त्याचं नाव कळव. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे आणि बर्फ कोण काढतं, तेवढं मी सोमवारी विचारून सांगते.